वैरण आणि चाबूक

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात बैलजोडी पाहावयास आलेला शेतकरी आधी दात पाहतो, मग खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवितो आणि शेवटी विकणाऱ्याला विचारतो, 'वैरण कसली घालता?' चाबूक कोणता वापरता, असे त्याने विचारल्याचे कोणी ऐकलेले नाही. जनावर चालते ते वैरणीवर. चाबूक फार तर त्याची पावले चार घटका भराभर उचलावयास लावतो, हे सांगावयास त्याला कोणा शास्त्रज्ञाची गरज लागत नाही. परंतु याच गावाच्या एस. टी. स्थानकावर, शालेय स्पर्धांच्या दिवसांत, सकाळच्या पहिल्या गाडीची वाट पाहत उभा असलेला एखादा कबड्डीचा किंवा फुटबॉलचा संघ पाहावा. अंगात नवे बनियन, पाठीवर क्रमांक, आणि पोटात? पोटात अर्धा कप चहा. फार तर त्याबरोबर दोन बिस्किटे. अलीकडे काहींच्या हातांत चहाऐवजी 'एनर्जी ड्रिंक'चा चकचकीत डबा दिसू लागला आहे, एवढीच काय ती प्रगती. बैलाच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याला उपजत आहे, ते मुलांच्या बाबतीत आपण का हरवून बसतो, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. देशापुढे मोठमोठे प्रश्न उभे असताना खेळाडूंच्या न्याहारीची चिंता कोणी करावी? परंतु कोल्हापूर जिल्हा हा खेळाचा जिल्हा आहे. तालमी-तालमींमध्ये रंगणाऱ्या फुटबॉलसाठी शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. येथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून खेळला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा अजिंक्य ठरलेल्या भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. ज्या मातीतून असे खेळाडू निघतात, त्या मातीतली शेकडो मुले केवळ उपाशीपोटी खेळल्यामुळे मागे पडत असतील, तर तो प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

खुराकाचा वारसा

कोल्हापूरकराच्या मनातील 'खुराक' हा शब्द तालमीतून आलेला आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण म्हणजे खुराक; भाकरी, भात, पोहे ही नुसती पोटाची भर. भाकरीने पोट भरते, अंगाला काही लागत नाही, असे वडीलधारी माणसे आजही मुलांना सांगतात. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाची परंपरा लाभलेल्या नगरीत असे वाटणे स्वाभाविक आहे. मल्लाला अंगबांधणीसाठी प्रथिने हवीत, याबद्दलही दुमत नाही. परंतु मल्लाची कुस्ती आणि फुटबॉलपटूची धाव यांत मूलभूत फरक आहे. आजच्या नियमांनुसार मॅटवरील कुस्ती सहा मिनिटांची असते. फुटबॉलपटू नव्वद मिनिटांत दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. त्यात तो शेकडो वेळा थांबतो, वळतो, उसळी घेतो आणि पुन्हा जिवाच्या आकांताने धावतो. कबड्डीतील चढाई तीस सेकंदांची असते, पण चाळीस मिनिटांच्या सामन्यात तशा चढाया आणि पकडी अखंड चालू राहतात. खो-खोतल्या पळतीबद्दल तर बोलावयासच नको. अशा खेळांत शरीर जे इंधन प्रामुख्याने जाळते, ते तुपातले नसते आणि बदामातलेही नसते. ते भाकरीतले असते.

पिष्टमय अन्नाची पोटात साखर होते आणि तिचा साठा 'ग्लायकोजेन' या रूपाने स्नायूंत व यकृतात केला जातो. प्रौढ माणसाच्या स्नायूंत हा साठा सुमारे तीनशे ते पाचशे ग्रॅम, आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. कोठार एवढेच. शरीरातील चरबीचा साठा याच्या कितीतरी पट मोठा असला, तरी तो संथ जळतो. वेगाने धावताना तो पुरा पडत नाही. कोठार रिते होऊ लागले की पाय जड होतात, आणि मेंदूलाही रक्तातील साखर हवी असल्यामुळे निर्णय चुकू लागतात. चेंडू कोणाकडे द्यावा, चढाईतून केव्हा परतावे, याचे भान सुटते ते पुष्कळदा अशा वेळी. सांघिक खेळात एकाचे भान सुटले की सातांचा किंवा अकरांचा डाव मोडतो.

हे केवळ अनुमान नव्हे. १९२४ साली अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉन संपविणाऱ्या धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा थकून कोसळलेल्यांच्या रक्तातील साखर फार घटलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना वाटेत गोड खाऊ घातल्यावर त्यांची स्थिती स्पष्टपणे सुधारली. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हल्टमन या संशोधकांनी सुईने स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून ग्लायकोजेन मोजण्याची रीत वापरात आणली. १९६७ च्या त्यांच्या प्रयोगात, केवळ स्निग्ध पदार्थ व प्रथिने खाऊन आलेली माणसे सायकलीवर सुमारे एका तासात थकली. मिश्र आहारावर तीच सुमारे दोन तास टिकली, आणि पिष्टमय आहारावर जवळजवळ पावणेतीन तास. माणसे तीच, सायकल तीच. फरक फक्त ताटाचा. बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ मध्ये हीच गोष्ट फुटबॉलच्या मैदानावर दाखवून दिली. ग्लायकोजेनचा साठा भरलेल्या खेळाडूंनी सामन्यात सुमारे बारा किलोमीटर अंतर कापले, तर साठा अपुरा असलेल्यांनी दहाहूनही कमी. आणि त्या दुसऱ्या गटाने त्यांतील निम्मे अंतर धावून नव्हे, चालून काढले. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली म्हण स्वीडनच्या प्रयोगशाळेने अशी सप्रमाण सिद्ध केली आहे.

कोणी म्हणेल, आमच्या पिढीने कर्बोदकांचे नावही ऐकले नव्हते. आम्ही भाकरी-ठेचा खाऊन मैदाने गाजविली. अगदी खरे! पण ती भाकरी म्हणजेच कर्बोदके होत. मागची पिढी शास्त्र न जाणता शास्त्रानुसार वागत होती. आजची पिढी शास्त्राचे शब्द जाणते आणि सकाळी काही न खाता घराबाहेर पडते. वडगावात ज्यांची समाधी आहे त्या धनाजी जाधवांच्या सैन्याची सारी मदार जलद दौडीवर होती. पुढे बाजीराव घोड्यावर बसल्याबसल्या ज्वारीची कणसे चोळून खात असे, ही कथा तर शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. कथा म्हणून ती ऐकावी. पण दौडीचे सैन्य धान्यावर चालते, एवढा तिचा अर्थ ध्यानात ठेवावा.

चहाची खरी योग्यता

आता चहाकडे वळू. चहा हा आपल्या जिल्ह्याचा प्राण आहे आणि त्याची निंदा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही, तसे धैर्यही नाही. चहा-कॉफीतील कॅफीन खेळाडूला उपयोगी पडते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शरीर काम करू लागले की मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते थकव्याची वर्दी देते. कॅफीन या द्रव्याची जागा अडवून बसते. वर्दी पोहोचत नाही, म्हणून श्रम कमी वाटतात, लक्ष टिकते, धाव थोडी लांबते. प्रौढ खेळाडूंवरील प्रयोगांत, शरीराच्या दर किलो वजनामागे तीन ते सहा मिलिग्रॅम कॅफीन सामन्यापूर्वी सुमारे तासभर घेतल्यास, दमसासाच्या कामगिरीत सरासरीने शेकडा दोन ते चार इतकी सुधारणा दिसते. फुटबॉलपटूंवरील एका प्रयोगात तर कर्बोदकांच्या पेयात कॅफीन मिसळल्यावर, नुसत्या कर्बोदकांच्या तुलनेत, अखेरच्या टप्प्यातील धाव आणि उडी सुधारल्याचे आढळले. ऑलिंपिकमध्ये एके काळी कॅफीनवर मर्यादा होती. १ जानेवारी २००४ पासून ते निषिद्ध द्रव्यांच्या यादीतून वगळण्यात आले आहे. तेव्हा कॅफीन हे पाप नव्हे.

परंतु हिशेब पाहा. साठ किलो वजनाच्या प्रौढ खेळाडूला किमान १८० मिलिग्रॅम कॅफीन लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एका कप चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. म्हणजे तीन ते सहा कप! स्थानकावरच्या अर्ध्या कपाने स्नायूंना काय मिळते? मिळते ती ऊब आणि सवयीचे समाधान. आणि नेमका येथेच धोका आहे. चहा वाईट म्हणून नव्हे, तर चहाने भूक मरते म्हणून. जेथे दोन भाकऱ्या जावयाच्या तेथे चहा जातो, भुकेची वर्दी थांबते, आणि थकव्याचीही थोडा वेळ थांबते. कोठार मात्र रितेच राहते. चाबकाने बैल उठतो, पण वैरणीवाचून तो फार दूर जात नाही. आणि गेला तर मोडतो.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे एकोणसाठ रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चहातील टॅनिन अन्नातील लोहाचे शोषण रोखते; म्हणून जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असे उपरोक्त संस्थेनेच सुचविले आहे. खो-खोच्या सरावाला पहाटे निघण्यापूर्वी घरातली चार कामे उरकणारी, स्वतः मात्र चहा-चपातीवर भागविणारी मुलगी दुसऱ्या डावात का ढेपाळते, याचे उत्तर तिच्या 'जिद्दी'त शोधण्याआधी तिच्या ताटात शोधावे.

डब्यातील चमत्कार

एनर्जी ड्रिंकचा मोह हा या साऱ्याचा कळस आहे. भारतीय कायद्यानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असावे लागते, आणि ते लहान मुलांसाठी योग्य नाही असे डब्यावर छापावे लागते. म्हणजे पाव लिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम कॅफीन, आणि त्याच्या जोडीला साखर. दीड-दोन कप चहा आणि गुळाचा एक मोठा खडा, यांपलीकडे त्या डब्यात फारसे बळ नाही. सारे बळ जाहिरातीत आहे. ज्या शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसली, ज्या जिल्ह्याच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ज्या वडगावच्या चहूबाजूंनी ऊस उभा आहे, तेथील मुलाने शक्तीसाठी परगावचा डबा विकत घ्यावा, याला काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात.

शिवाय चौदा वर्षांच्या, चाळीस किलो वजनाच्या मुलाला तोच डबा प्रौढापेक्षा दीडपट लागतो. छातीत धडधड, हातांना कंप, आणि सर्वांत वाईट म्हणजे झोपेचा नाश. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जावयास सरासरी पाच तास लागतात. सायंकाळी पाचला घेतलेल्या मात्रेचा निम्मा भाग रात्री दहालाही अंगात असतो. दुसऱ्या दिवशी उपान्त्य सामना असलेल्या मुलाने रात्रभर तळमळावे, यात कोणती शक्ती आली? जुलै २०२४ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून पाचशे मीटरच्या परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी घालण्याचे विधान परिषदेत जाहीर केले होते. पण पाचशे मीटरची रेघ मैदानापर्यंत पोहोचत नाही. मैदानावर राखण करावयाची ती आपणच.

वजनी गटाच्या कबड्डी स्पर्धांत तर याहून विपरीत दिसते. मर्यादेत बसावे म्हणून मुले आदल्या दिवशी जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत. वजन उतरते, हे खरे. परंतु उतरते ते काय? दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठविलेले असते. तेव्हा एका दिवसात उतरलेले ते वजन चरबीचे नसून इंधनाचे आणि पाण्याचे असते. काट्यावर मुलगा जिंकतो आणि मैदानावर हरतो.

काय करता येईल?

यावर उपाय महागडे नाहीत, हीच खेदाची आणि आनंदाचीही गोष्ट आहे. सामन्यापूर्वी तीन-चार तास, दर किलो वजनामागे एक ते तीन ग्रॅम कर्बोदके पोटात असावीत, असे युरोपातील फुटबॉल महासंघाच्या तज्ज्ञांनी म्हटले आहे. पंचेचाळीस किलोच्या मुलासाठी याचा मराठी अनुवाद दोन भाकऱ्या आणि आमटी, किंवा भरपूर पोहे आणि एक केळे असा होतो. त्या वेळी तांबडा-पांढरा रस्सा नको, तो विजयानंतर. पूर्वार्ध संपल्यावर लिंबू, साखर व चिमूटभर मीठ घातलेले पाणी: लिटरला बारा ते पंधरा चहाचे चमचे साखर पुरे. चाळीस मिनिटांच्या एकाच सामन्यात अशा पेयाने फार फरक पडणार नाही, हे सांगितले पाहिजे. परंतु आपल्या स्पर्धांत एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन सामने खेळावे लागतात. आणि रिते झालेले कोठार पुरते भरावयास चांगले खाऊनही जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून सामना संपताच पहिल्या तासात गूळ-शेंगदाणे, केळी, चपाती जे असेल ते खावे. पुढचा सामना तेथेच निम्मा जिंकला जातो.

साखर म्हणजे मधुमेह, अशी शंका वाचकांपैकी काहींच्या मनात आली असेल. कचेरीत खुर्चीवर बसून दिवसातून पाच चहा पिणाऱ्या तुम्हा-आम्हाला ती शंका शोभते. नव्हे, ती आपण बाळगलीच पाहिजे. परंतु जी साखर आपल्या अंगावर साठते, ती धावणाऱ्या मुलाच्या अंगात जळते. बापाचे पथ्य मुलाला लावू नये.

खरा प्रश्न व्यवस्थेचा आहे. शालेय पोषण आहार योजना पहिली ते आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे अन्न देते. नववी ते बारावीची, म्हणजे नेमकी सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांत खेळणारी मुले तिच्याबाहेर आहेत. आणि आठवीच्या आतला मुलगासुद्धा ज्या दिवशी शाळेसाठी खेळावयास परगावी जातो, त्या दिवशी शाळेतल्या खिचडीला मुकतो. म्हणजे वर्गात बसलेल्याला अन्न आणि शाळेच्या नावासाठी पळणाऱ्याला चहा! हा विरोधाभास दूर करावयास नवा कायदा नको. स्पर्धेच्या दिवशी संघाबरोबर शिधा पाठविण्याची सोय हवी, सामन्यांच्या वेळा आदल्या दिवशी कळावयास हव्यात आणि वजनकाटा व पहिला सामना यांत जेवणापुरते अंतर हवे. गावोगावच्या मंडळांनाही एक विनंती आहे. स्पर्धा भरविताना पुरुषभर उंचीचे चषक, फटाके आणि नेत्यांच्या छायाचित्रांचे फलक यांवर जो खर्च होतो, त्यातील एका चषकाच्या किमतीत सर्व संघांना केळी, गूळ-शेंगदाणे आणि पिण्याचे स्वच्छ पाणी देता येईल. अठरा वर्षांखालील स्पर्धेत एनर्जी ड्रिंकची जाहिरात वा विक्री असू नये, हे मंडळांनी आपणहून ठरवावे.

सर्वांत अधिक मात्र शिक्षकांच्या हाती आहे. 'दम नाही तुझ्यात' असे एखाद्या मुलाला म्हणण्यापूर्वी 'सकाळी काय खाल्लेस?' एवढे विचारले, तरी पुष्कळ होईल. उत्तरार्धात जो मुलगा मंदावतो, त्याला आपण आळशी म्हणतो, भित्रा म्हणतो, आणि पुढच्या वर्षी संघातून वगळतो. तो मुलगाही ते खरे मानून खेळ सोडतो. कदाचित त्याच्यात काहीच उणे नव्हते. उणे होते ते फक्त दोन भाकऱ्यांचे. सोमवारच्या बाजारात बैलाबद्दल जो प्रश्न आपण न चुकता विचारतो, तोच मंगळवारी सकाळी मैदानावर आपल्या मुलांना विचारावा.